नळीतलं पाणी

त्या थंडीत आमच्या दारासमोरच्या दोरीवर रोज सकाळी उशीचा एक अभ्रा वाळत असायचा. निळ्या चौकड्यांचा. सुरतेतल्या नवागामच्या आमच्या गल्लीत दोऱ्या एकमेकींना खेटून आहेत, कुणाचं काय वाळतंय ते सगळ्यांना दिसतं. शेजारची बाई एकदा माझ्या सुनेला म्हणाली, "रोज रोज अभ्रा गं? घरात तान्हं तर नाही तुमच्या." सून अभ्र्याला चिमटा लावत राहिली. आत खाटेवर बसलेल्या माझ्या मोठ्या भावानं ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मीही ऐकलं. अभ्रा कशानं ओला होतो ते मला कळून तेव्हा तीन दिवस झाले होते, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. मी सातवीत शाळा सोडली तेव्हा त्यांनीच मला सुरतला आणलं. लिंबायतमध्ये एका खोलीत आमच्याच भागातले सहा जण राहायचे. अर्धे दिवसपाळीला, अर्धे रात्रपाळीला, त्यामुळे अंथरूण कधी गार पडायचं नाही. भावाच्या वाट्याला एक खाट होती. पहिल्या रात्री त्यांनी ती मला दिली आणि स्वतः फरशीवर झोपले. पाहुणा म्हणून एक दिवस दिली असेल असं मला वाटलं. ते दोन वर्षं फरशीवर झोपले. पाळी संपवून आले की चप्पल काढायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "जेवना का?" मी जेवलो नसलो तर ते ओरडायचे आणि जेवलो असलो तर काय जेवलो ते विचारायचे.

आमच्याकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात भावानं मला साचा, म्हणजे लूम, चालवायच्या आधी हवा ओळखायला शिकवलं. थंडीत आणि होळीच्या आसपास हवा कोरडी होते. मग तार, म्हणजे साच्यावरचे धागे, एकमेकांना चिकटतात, उडतात, तुटतात. नवा कारीगर तुटलेल्या तारेला गाठ मारत बसतो, दुसरी तुटते, तिसरी तुटते. जुना कारीगर फरशीवर पाणी मारतो आणि खिडकीला ओलं पोतं टांगतो. भाऊ तळहात उलटा करून हवेत धरायचे. "तार तुटाले लागनात का पहिले हवा देख," असं सांगायचे. पुढे तीस वर्षं मी त्या एका वाक्यावर पोट भरलं. शेठ मला विचारायचे, आज पाणी मारायचं का. मला विचारायचे, ह्याचं मला फार होतं. दुसरं काही मला विचारावं असं माझ्यापाशी नव्हतंच.

भावाची छाती हळूहळू बसत गेली. वहिनी वारल्यावर मी त्यांना नवागामला आमच्याकडे आणलं. माझी बायको गावी असते, आईपाशी. आईला सुरत सोसत नाही. इथे मी, मुलगा आणि सून. मुलगा रात्रपाळीला जातो. सून घरी बसून साड्यांना टिक्या लावते.

दिवाळीनंतर भाऊ दवाखान्यात होते. सुटी देताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. झोपेत ह्यांचा श्वास उथळ होतो, वाईट हवा आत साठते आणि डोक्यात चढते. रात्री मशीन लावायचं. मास्कमधून दाबानं हवा आत जाईल, साठलेली बाहेर निघेल. एक रात्रही चुकवायची नाही, नाहीतर माणूस झोपेतच आणखी खोल झोपत जातो. ते शेवटचं मी घरी येईपर्यंत मनात घोकत होतो.

मशीन भावाच्या जुन्या शेठनं दिलं. त्यांच्या आईचं होतं. त्या गेल्या आणि मशीन कपाटात पडून होतं. मी पाया पडायला वाकलो तर शेठनी माझा हात धरला. "रेवा दे. तारा भाईए मारा खातामां पच्चीस वरस काढ्यां छे." पंचवीस वर्षं भाऊ त्यांच्या खात्यात होते, ते शेठ विसरले नव्हते. रिक्षात ते मशीन मी मांडीवर घेऊन बसलो, खड्डा आला की उचलून धरायचो.

ते लावून द्यायला पर्वत पाटियाच्या एका दुकानातल्या बेन आल्या. पन्नाशीच्या, चष्मा साडीच्या पदरानं पुसत बोलणाऱ्या. त्यांनी मशीन साफ केलं, नवी नळी आणि नवा मास्क जोडला. मशीनला पाण्याची एक डबी असते. ती खालून तापते, हवा तिच्यावरून ओली होऊन नळीत जाते, म्हणजे माणसाचं नाक आणि घसा कोरडा पडत नाही. ओल किती हवी त्याचे एक ते पाच आकडे. बेननी दोनवर ठेवलं.

"जो भाई, पाणी आ लाइन सुधी ज. उपर नहीं. और मशीन पलंग से नीचे रखना, हमेशा."

डबीवरच्या रेघेपर्यंतच पाणी, आणि मशीन पलंगापेक्षा खाली. मी मान हलवली.

मागे सून उभी होती. ती सुरतेतच जन्मली, बारावी झालेली. आमच्या अहिराणीपेक्षा गुजराती तिच्या तोंडात जास्त सहज बसते. तिनं कारण विचारलं, "बेन, नीचे केम?"

"अगं, त्यांना उशीर होतोय," मी म्हणालो. "मला समजलंय."

"समझ गए ना, भाई?"

"बेन, तीस वर्षं हवेचंच काम करतो."

बेन हसल्या. त्यांनी माझ्या हातात एक पुस्तक दिलं. आत इंग्रजी होतं एवढं मी कडेनं पाहिलं आणि सुनेला न देता ते देवाच्या फळीवर ठेवलं, समईच्या मागे. देवाच्या फळीवरचं कुणी उगाच उचलत नाही. खरं सांगायचं तर म्हणूनच तिथे ठेवलं. सुनेचं मला कौतुक आहे, लोकांना मी तिचं शिक्षण सांगतो. पण तिच्यासमोर कुणी माझ्या हातात छापील कागद दिला की मला घाम फुटतो.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. भाऊ सकाळी ताजे उठायचे, चहा मागायचे, माझ्या पोटाला नावं ठेवायचे. मग थंडी आली आणि त्यांचा घसा कोरडा पडायला लागला. "नरडं लाकूडना मायक व्हयी जास," म्हणाले. मला बरं वाटलं. वाईट दिसतं हे लिहायला, पण बरं वाटलं. ह्या दुखण्यावरचा इलाज मला येत होता.

मी तळहात उलटा करून खोलीच्या हवेत धरला. कोरडी. मग मी जे खात्यात करतो तेच केलं. आकडा दोनचा पाच केला. डबी रेघेच्या वर, काठोकाठ भरली. खिडकीला पोतं भिजवून टांगलं. रात्री झोपताना फरशीवर तांब्याभर पाणी शिंपडलं. फरशी ओली झाली, म्हणून शेठच्या आईचं मशीन खराब होऊ नये ह्या भीतीनं ते स्टुलावरून उचललं आणि खाटेच्या वरच्या फळीवर ठेवलं. बेननी "नीचे" सांगितलं होतं ते मला आठवत होतं. मी मनाशी म्हटलं, वायर पुरणार नाही म्हणून सांगितलं असेल.

पहिल्या दोन रात्री भावाला आराम पडला. "आज नरडं ओलं से," ते म्हणाले. "मास्टर झाया तू." खात्यातल्या सगळ्यांत जाणत्या माणसाला मास्टर म्हणतात. इतक्या वर्षांत ते मला तसं कधी म्हणाले नव्हते. मी दिवसभर खात्यात त्याच शब्दावर चालत होतो.

तिसऱ्या रात्री गारठा वाढला. पहाटे भाऊ खोकत उठून बसले, मास्क ओढून काढला. मी दिवा लावला. त्यांची हनुवटी ओली, मान ओली, उशी भिजलेली.

"दिवा बंद कर."

"भाऊ, काय झालं?"

"काही नही. लाळ व्हती. दिवा बंद कर म्हंतस ना."

सकाळी ते स्वतःच अभ्रा काढून धुवायला न्यायला लागले. सुनेनं हातातून घेतला. "राहू द्या मोठे आबा, मी धुते." भाऊ तिच्याशी बोलताना नेहमी जरा बाजूला बघून बोलतात, ती त्यांच्यासमोर पदर सावरून असते. आमच्यात तसं आहे. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे अजिबात पाहिलं नाही. पुढच्या रात्री तेच, त्याच्या पुढच्या रात्री तेच. भाऊ उशाला टॉवेल घेऊन झोपायला लागले. चहा घेऊन सून आली की टॉवेल पाठीमागे सारायचे.

त्यानंतरच्या सकाळी मी फळीवरची धूळ पुसायला मशीन हलवलं आणि नळी हाताला जड लागली. हलवली तर आत डुबुक असा आवाज. मी ती मोरीत नेऊन उलटी केली. पाणी पडलं, चांगलं पाव पेलाभर. स्वच्छ, गार पाणी.

मला तिथल्या तिथे कळलं. थंडीच्या दिवसांत पहाटे खात्याच्या पत्र्याला आतून थेंब धरतात. आतली हवा गरम आणि ओली, पत्रा गार. ते थेंब कापडावर पडले की डाग पडतो, म्हणून आम्ही बीमवर, ताण्याच्या रुळावर, प्लास्टिक टाकतो. हे मी दर वर्षी करतो. नळी म्हणजे तसाच पत्रा. मी हवा तापवून, भिजवून तिच्यात कोंबत होतो, आणि बाहेरून ती गारठत होती. मशीन वर, माणूस खाली. पाणी कुठे जाणार. सगळी रात्र ते माझ्या भावाच्या नाकातोंडात उतरत होतं.

मी नळी झटकून खोलीत आलो. भाऊ खाटेवर पाय खाली सोडून बसले होते.

"काय कऱ्हं?"

"नळी धुतली."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग हळूच, आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "वयमुळे व्हस का रे असं? लाळ?"

तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडात आलंही होतं. आणि मी म्हणालो, "होतं भाऊ. वयानं होतं."

का म्हणालो ह्याचा मी खूप विचार केला आहे. मास्टर म्हणाले होते, ते परत जाईल असं वाटलं. बेनसमोर, सुनेसमोर समजलंय म्हणालो होतो. शेठपर्यंत गोष्ट गेली तर ते म्हणतील, अडाण्याच्या हातात मशीन दिलं. हे सगळं खरं आहे आणि ह्यातल्या कशानंही ते वाक्य धुऊन निघत नाही. मी त्यांना सांगितलं की तुमचं शरीर तुमच्या ताब्यात राहिलेलं नाही, आणि त्यांनी मान हलवून ते मानलं. मी सांगितलं म्हणून मानलं.

मग मी चोरून दुरुस्ती करायला गेलो. आकडा पाचाचा तीन केला, डबीत पाणी जरा कमी भरलं. पण मशीन फळीवरून खाली आणलं नाही आणि पोतंही काढलं नाही, कारण ते केलं असतं तर सून विचारणार, का काढलं. नळीत पाणी कमी झालं, थांबलं नाही. अभ्रा पूर्वीइतका नाही तरी भिजतच होता.

नळी उलटी केली त्याच दिवशी सून म्हणाली, "आबा, ती नळी मी जरा बघू का?"

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणालो. "तू अभ्रे धू."

ती आत गेली. ती अभ्रे धूतच होती. आणि शेजारच्या बाईचं ते तान्ह्या बाळाचं बोलणं झालं ते त्यानंतर तीन दिवसांनी.

त्या रात्री मशीनचा आवाज बदलला. खात्यात झोपून उठून आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शंभर साचे धडधडत असले तरी एक बंद पडला की कोपऱ्यात डोळा लागलेला कारीगर जागा होतो. मास्क तोंडावर असला की मशीन माणसाबरोबर श्वास घेतं, एकदा जोर, एकदा सैल. त्या रात्री नुसता एकसारखा सूं आवाज येत होता. मास्क बाजूला काढून ठेवलेला आणि मशीन चालू ठेवलेलं, म्हणजे मला वाटावं की लावलंय. मी अंधारात डोळे उघडे ठेवून ते ऐकलं. उठून बघितलं असतं तर विचारावं लागलं असतं, का काढला. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, लाळ. मी कूस बदलली.

दुसऱ्या रात्रीही. सकाळी अभ्रा कोरडा होता. सुनेला वाटलं, मोठे आबा बरे झाले.

तिसऱ्या सकाळी भाऊ उठेनात. हाक मारली की डोळे उघडायचे आणि परत मिटायचे. हात थरथरत होते, ओठांवर काळपट निळी छटा. मी त्यांना बसतं केलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, "पोऱ्या, जेवना का?" नंतर म्हणाले, "खाट तुन्ही से. तू झोप. मी खाले झोपस."  सून धावत जाऊन कोपऱ्यावरची रिक्षा घेऊन आली. आम्ही दोघांनी त्यांना उचललं. रिक्षात ती त्यांच्या पाठीला हात लावून बसली होती, पदर कुठे होता कुठे नाही, आणि ती त्यांच्या कानाशी सारखी म्हणत होती, "मोठे आबा, झोपायचं नाही. माझ्याशी बोला."

दवाखान्यात त्यांना तसलंच मोठं मशीन लावलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "घरी मास्क लावत होते ना?"

"काढून ठेवत होते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भाऊ शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर त्यांना मोठ्यानं रागावले, लहान मुलाला रागावतात तसे, की काका, मरायचंय का, घरच्यांना त्रास का देता. भाऊ खाली मान घालून ऐकत होते. मी कॉटच्या पायथ्याशी उभा राहून, चेहरा गंभीर करून, ऐकत होतो.

चार दिवसांनी घरी आलो. दुपारची वेळ होती. मुलगा झोपला होता, आतल्या खोलीत सून साडी पसरून टिक्या लावत होती. भाऊ खाटेवर बसले आणि वर फळीवरच्या मशीनकडे बघत राहिले.

"मी काय म्हंतस," ते म्हणाले. "माले गावले धाडी दे."

"गावी? गावी रात्रीची लाईट जाते, भाऊ. मशीन कसं चालणार?"

"नही चालनं तर नही चालनं."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं ना?"

"ऐकं. तठे दवाखानामा उशी कोरडी व्हती. आठे पुन्हा गळी. तिन्हा समोर माले नको. पोरगी माले बापना ठिकाने मानस आनि रोज उठीसन मनी थुकी धोस." मग जरा थांबून, "तठे तुन्ही वहिनीनी खोली से. कोनी देखाले नही."

ती खोली गावाबाहेर मळ्यात आहे, आई आणि माझी बायको गावातल्या घरात. तिथे कुणी बघायला नाही, असं ते म्हणत होते. मास्क न लावता, त्या खोलीत, एकटे. किती रात्री टिकले असते ते दोघांनाही माहीत होतं. मी उठलो, पोतं काढलं, परत बसलो. हातात ओलं पोतं घेऊन बसलो होतो, त्याचं पाणी माझ्या लेंग्यावर गळत होतं.

"भाऊ, ती लाळ नव्हती."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"नळीतलं पाणी होतं. मी आकडा वाढवला, डबी वरपर्यंत भरली, मशीन वर ठेवलं. पत्र्याला थेंब धरतात तसं नळीत पाणी धरायचं आणि तुमच्या तोंडावर उतरायचं. तुम्हाला काही झालेलं नाही. माझ्यामुळे झालं."

 त्यांनी मशीनच्या नळीला हात लावून बघितला, तिचं एक टोक उचलून खाली सोडलं.

"कव्हयपाशी माहीत व्हतं तुले?"

"नळी धुतली म्हणालो ना, त्या सकाळपासून."

"मी ईचारं तुले त्या सकायले."

"हो."

"आनि तू म्हने, वयमुळे व्हस."

"हो."

त्यांनी शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. हात उगारला असता तरी चाललं असतं, लहानपणी उगारलाय. त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर घडी केला.

"माले नको सांगू आते," ते म्हणाले. "तिले सांग." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "पोरी, इकडे ये जरा."

सून आली. बोटांना गोंद लागलेला होता, मनगटानं पदर डोक्यावर ओढत उभी राहिली. मी माझ्या सुनेसमोर उभा होतो आणि मला काय बोलायचं ते पाठ असूनही सुरुवात सापडत नव्हती. खात्यात कापड खराब केलेला कारीगर शेठसमोर उभा राहतो तसा मी राहिलो. मग सांगितलं. आकडा, डबी, फळी, पाव पेला पाणी, सगळं. मोठ्या आबांची लाळ नव्हती, हे दोनदा सांगितलं.

ती फरशीकडे बघत होती. म्हणाली, "अभ्र्याला वास नसायचा, आबा. डागही नसायचा. नुसतं पाणी असायचं. मला वाटलं होतं."

"मग बोलनी काबर नही?" भावानं विचारलं.

"बोलले होते एकदा."

एवढंच. मी त्यावर काय उत्तर दिलं होतं ते तिनं सांगितलं नाही. भावानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं असं मला आज वाटतं. त्यांनी विचारलं नाही.

सुनेनं हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि समईच्या मागून ते पुस्तक काढलं. उभ्या उभ्याच पानं उलटत राहिली, मग एक पान आमच्यासमोर धरलं. त्यावर चित्र होतं. खाटेवर माणूस, खाटेच्या खाली ठेवलेलं मशीन, आणि नळीतले थेंब परत मशीनकडे जाताना दाखवलेले बाण. शेजारी दुसरं चित्र, मशीन वर, थेंब माणसाच्या तोंडात, आणि त्यावर मोठी फुली. एक अक्षर वाचावं लागत नव्हतं. मी ते पुस्तक कधी उघडलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तिनं जुन्या गरम कापडाची लांब खोळ शिवून नळीवर चढवली. नळी उबदार राहिली की पाणी कमी धरतं, असं पुस्तकात होतं म्हणे. मशीन स्टुलावर खाली आलं. बेनला फोन मी केला, सगळं सांगून. त्या म्हणाल्या, "भाई, पूछने का था ना." मी म्हणालो, हो बेन.

रात्री भावानं मास्क हातात घेतला आणि आतल्या खोलीकडे बघून विचारलं, "पोरी, आकडा किती?" सुनेनं येऊन दोनवर ठेवला, डबी उजेडासमोर धरून रेघ बघितली. मला कुणी काही विचारलं नाही. मी दिवा मालवला आणि ऐकत पडलो. एकदा जोर, एकदा सैल. सकाळपर्यंत तसंच.

सकाळी नळी मी उलटी केली. चार थेंब पडले. उशी कोरडी होती. तेव्हापासून ते काम माझं आहे, रोज नळी झटकायची आणि किती पाणी निघालं ते भावाला सांगायचं. ते ऐकतात. मला परत मास्टर म्हणाले नाहीत. म्हणू नयेत.

त्या पहिल्या सकाळी मी बाहेर आलो तेव्हा शेजारची बाई दारात मेथी निवडत बसली होती. दोरी रिकामी होती. ती म्हणाली, "आज अभ्रा नाही वाटतं."

मी म्हणालो, "ताई, ते मशीनचं पाणी होतं. मी मशीन चुकीचं लावलं होतं. भाऊंचं काही नव्हतं त्यात." जरा मोठ्यानंच म्हणालो, आत ऐकू जावं असं. पलीकडच्या दोन दारांतही ऐकू गेलं असेल.

"हो का," ती म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

मी तिथेच उभा राहिलो, पायात चप्पल अडकवत. पाळीची वेळ झाली होती. आतून भावाचा आवाज आला, खोकल्यानं बसलेला, "जेवना का?"

"नाही अजून," मी म्हणालो, आणि चप्पल काढून आत गेलो.